शस्त्रं कुणाच्या कुलपात?

बंडखोरांना वाटेवर कसं आणायचं असा विषय निघाला की खानदेशात भिल्ल पलटणीचा, म्हणजे भिल्लांनाच भरती करून उभ्या केलेल्या इंग्रजी फौजेचा, दाखला हमखास येतो. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने ती धरणगावला उभी केली. त्याआधी कंपनी सरकारने सातपुड्यात आणि सातमाळ्यात फौजा घालून पाहिल्या होत्या, पण बंडं थांबली नव्हती. मग जुने गुन्हे माफ केले, पगार सुरू केला, कसायला जमीन आणि तगाई दिली, भिल्लांसाठी वेगळे एजंट नेमले. बंडं ओसरली हे खरं. पण नाईकांना, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्यांना, चाकरी मिळाली, कारभारात शब्द मिळाला नाही. सेंधवा घाटाच्या रखवालीवर राहिलेला खाज्या नाईक 1857 ला उठला आणि 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीची लढाई झाली. पलटण तेव्हाही इंग्रजांकडेच राहिली, म्हणून इंग्रजांच्या हिशेबी योजना यशस्वी! आपण तिला शांतता करार म्हणू नये. ती भरती होती.

खरा करार अडतो तो बहुतेक वेळा क्रमावर. ‘आधी शस्त्रं टाका, मग बोलू’ हे ऐकायला रास्त वाटतं, पण शस्त्रं गेली की गटाच्या हातात सौदा करायला काही उरत नाही आणि त्याच्या वस्तीचं रक्षण कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने 31 ऑगस्ट 1994 ला युद्धबंदी जाहीर केली. ब्रिटिश सरकार मात्र चर्चेआधी काही शस्त्रं तरी द्या, यावर अडून बसलं. 9 फेब्रुवारी 1996 ला लंडनच्या डॉकलंड्समध्ये स्फोट झाला आणि सगळं मुसळ केरात. पुढे क्रम बदलला. 10 एप्रिल 1998 चा करार आधी झाला, दोन वर्षांत चारशेहून जास्त कैदी सुटले, पोलीस दलाची फेररचना झाली. शस्त्रं पूर्ण निकामी झाल्याचं जाहीर व्हायला सप्टेंबर 2005 उजाडलं. तेही फोटो न काढता, एक कॅथलिक आणि एक मेथडिस्ट धर्मगुरू साक्षीला ठेवून. फोटो म्हणजे शरणागतीचा पुरावा, म्हणून आयआरएने नकार दिला. ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या युनियनिस्टांना तो हवा होता तोही त्याचसाठी.

नेपाळने या पेचावर काढलेला तोडगा मला सगळ्यात हुशार वाटतो. 21 नोव्हेंबर 2006 च्या करारानंतर माओवादी सैनिक 7 मुख्य आणि 21 उपछावण्यांत आले. बंदुका नोंद करून लोखंडी कंटेनरमध्ये ठेवल्या. कुलूप एकच, आणि किल्ली माओवाद्यांच्याच हातात. पण परवानगीशिवाय दार उघडलं तर भोंगा वाजेल अशी यंत्रणा बसवली आणि देखरेख संयुक्त राष्ट्रांकडे दिली. शिवाय नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं तशीच बंद केली. त्यामुळे कुणी हरलं असं दिसलं नाही. 2008 च्या निवडणुकीत माओवादी सर्वात मोठा पक्ष झाले, तेव्हाही त्यांचे सैनिक छावण्यांतच होते.

बिघडलं ते माणसांच्या हिशेबात. पडताळणीत 19,602 जण पात्र ठरले आणि 2012 पर्यंत छावण्यांत कुजत बसले. सैन्यात जेमतेम चौदाशे गेले. बहुतेकांनी 5 ते 8 लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं. याखेरीज 4,008 जण अपात्र ठरले होते. त्यांतले बहुतेक भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. 2010 मध्ये त्यांना बाहेर काढलं तेव्हा प्रशिक्षण देऊ केलं, ती रोख रक्कम मात्र नाही. नेते मंत्री झाले आणि या पोरांच्या तोंडाला पानं पुसली गेली. त्यांची आंदोलनं मग अनेक वर्षं चालली, यात नवल काय?

निवडणुकीत उतरलेल्या माजी बंडखोराचा जीव वाचवणं हे सगळ्यात अवघड काम. कोलंबियात 1985 मध्ये फार्क या डाव्या बंडखोर संघटनेच्या शांतता चर्चेतून ‘युनियन पॅट्रिओटिका’ हा पक्ष निघाला. त्याचे हजारो कार्यकर्ते आणि राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार मारले गेले. जंगलात राहिलेल्यांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. म्हणून 2016 च्या करारात सरकारी अंगरक्षकांची तरतूद झाली आणि त्या पथकांत माजी बंडखोरही घेतले. तरी चारशेहून जास्त माजी सैनिक मारले गेले आहेत. पुढाऱ्यांना पहारा मिळतो. खेड्यात परतून शेती करणाऱ्याला कोण देणार? संसदेत फार्कच्या पक्षाला दोन मुदतींसाठी 10 जागा राखून दिल्या, त्या नसत्या तर 2018 मध्ये खातंही उघडलं नसतं. मतं एक टक्क्याच्याही खाली होती.

गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांच्या आत्मसमर्पणाची तुलना कुणी नेपाळशी केली की मला ती पटत नाही. गडचिरोलीत एकेक माणूस किंवा तुकडी शरण येते, बक्षीस आणि पुनर्वसन घेते. संघटनेशी वाटाघाट नाही, राखीव जागा नाहीत, दोन्ही बाजूंची शस्त्रं बंद करणं तर दूरच. त्याचं नातं असलंच तर धरणगावच्या पलटणीशी आहे.