हिमालयन 411 खाली आणणे, भाग 4: स्टँडने घात केला

कमी उंचीच्या चालकासाठी रॉयल एनफील्डची ही मोटरसायकल बुटकी करायचं काम चाललंय. मागच्या सस्पेन्शनची लांब लिंक (जोडपट्टी) बसली, सीट घासून झाली, चवडे काय, टाचासुद्धा जवळपास टेकल्या. आणि तरीही गाडी पार्किंगमधून निघेना, कारण साइड स्टँडवरून सरळ करायलाच आता जास्त जोर लागतो.

आकडे पुन्हा एकदा: चालक 157 सें.मी., 52 किलो, इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) 72 सें.मी. गाडीची सीट मुळात 800 मि.मी., वजन 199 किलो. मागच्या लांब लिंकने मागचं टोक 30 मि.मी. उतरलं. हँडल जड होऊ नये म्हणून पुढचे फोर्क त्यांना हँडलपाशी धरून ठेवणाऱ्या ट्रिपल क्लॅम्पमधून 15 मि.मी. वर सरकवले. स्टँडचा पिव्होट (जिथे तो फिरतो तो सांधा) दोन्ही चाकांच्या मधे, म्हणून तिथे गाडी साधारण 20 मि.मी. खाली आली. मूळचा 12 अंशांचा कल 8 वर आला. उजवीकडे उतार असला की अशी गाडी वाऱ्यानेही पडते. म्हणजे स्टँड कापणं आलंच.

घोळ इथे झाला. लिंकचा 30 हा आकडा डोक्यात पक्का बसलेला, तोच स्टँडला लावला. वर ब्लेडची जाडी आणि वेल्डसाठी कडा घासल्या त्यात आणखी 5 गेले. दांडा 35 मि.मी. आखूड झाला. तो तिरका असल्यामुळे उभ्या मापात 30 धरा. मोबाइलच्या कोनमापकावर कल आला 14 अंश.

दोन अंशांनी काय होतं म्हणाल, तर हिशेब करा. गुरुत्वमध्य ढोबळ 55 सें.मी. उंचीवर, हँडलची मूठ 110 सें.मी.वर धरली, तर 12 अंशांवर मुठीला लागणारा जोर साधारण 21 किलो, 14 वर 24, 8 वर फक्त 14. चोवीस किलो म्हणजे या चालकाच्या वजनाच्या निम्म्याला आले, तेही एका बाजूने ढकलून. मागे सामान बांधलं की बघायलाच नको. सामान मोजायचा हूकवाला काटा मुठीला अडकवून आडवा ओढला की आपल्या गाडीचा खरा आकडा कळतो. पलीकडे एक माणूस उभा ठेवाच.

शिवाय स्टँडचा तळवा आता तिरका पडतो, मुरमात एका कडेवर रुततो. डबल स्टँडलाही गाडी आधीपेक्षा जास्त उचलून घ्यावी लागते. लिंक विकणारे यातलं काहीच सांगत नाहीत.

कापण्याआधी करायची गोष्ट अगदी साधी होती. दोन्ही चाकांखाली 6 मि.मी.च्या प्लायच्या पट्ट्या रचत जायच्या, कल हवा तेवढा झाला की थांबायचं. रचलेली जाडी म्हणजे स्टँड उभ्या मापात कमी करायची लांबी. दांड्यावर खूण करताना ती थोडी वाढवायची, 18 असेल तर 21 धरायची. आणि वेल्डिंग स्टँड गाडीवरून काढूनच. गाडीवर करायची वेळ आलीच तर बॅटरी आणि ईसीयू (इंजिनचा कंट्रोल युनिट) दोन्ही सोडवून.

आता उलटं करून पाहिलं: स्टँडखाली 18 मि.मी. प्लाय ठेवला, कल साडेदहा, जोर 18 किलो. छान. म्हणून 18 मि.मी.चा नायलॉनचा ठोकळा तळव्याला बोल्ट करायचा बेत होता.

पण हे लिहिताना मोजमापांची वही परत चाळली. मागचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) सी-पान्याने सगळ्यात मऊ केला तेव्हा 9 मि.मी. मिळाले होते. 52 किलोला मूळची सेटिंग कडकच पडते; मागच्या चाकाच्या 180 मि.मी. ट्रॅव्हलपैकी (वरखाली हालचालीपैकी) 45 ते 54 चालक बसल्यावर दबायला हवेत. सीटचा फोम 22 मि.मी. उतरवला. तळाशी 40 ठेवलाच पाहिजे, नाहीतर माकडहाडाला प्लेट लागते. खरा फायदा मात्र सीटचं नाक दोन्ही बाजूंनी 20-20 घासल्याचा. पाय सरळ खाली जातो, फाकत नाही. पुण्याच्या नाना पेठेत रेक्झिन घेताना जाड कापड टाळा, कोपऱ्यावर चुण्या पडून ही कमाई परत जाते.

म्हणजे लिंकशिवायच 31 मि.मी. झाले होते. लिंक काढली तर जाड सोलच्या बुटात दोन्ही चवडे टेकतात, टाच 4 सें.मी. वर राहते. तेवढं पुरतं. मूळच्या 220 मि.मी.च्या जवळपास ग्राउंड क्लिअरन्स परत मिळतो. चेनची ढिलाई मात्र पुन्हा तपासावी लागेल, कारण स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला की उभ्या गाडीत मोजलेलं माप बदलतं.

क्लच तेवढा सुखाचा. जुनी केबल टाकीखाली तीव्र वळणात अडकली होती. नवी मोठ्या वळणाने नेली, आत तेल सोडलं, टोकाला 2-3 मि.मी. फ्री प्ले (मोकळी ढिलाई) ठेवला. आता दोन बोटांत दबतो. इंजिनपाशी केबल ओढते तो क्लचचा आर्म लांब लावायचा सल्ला देणाऱ्यांना नम्र नकार: जोर कमी होतो तसा प्लेटी सुटायचा प्रवासही कमी होतो, आणि सिग्नलला गाडी पुढे सरकते.

तर नवा बेत: लिंक बाहेर, फोर्क मूळ जागी, नवा अखंड स्टँड, त्याच्या तळव्याखाली 6 मि.मी.ची रुंद प्लेट. कल 11च्या आसपास यायला हवा. कापलेला स्टँड कुणाला हवा असेल तर घेऊन जा, लांबी आधी मोजा.