फ्रेम मोजायला चित्र उघडायचं कशाला?

गणेशोत्सव जवळ आला की मुंबईतल्या शुभेच्छांच्या अ‍ॅपवर हलत्या चित्रांचा पूर येतो. समईची ज्योत हलतेय, मोदकांचं ताट फिरतंय, मंडळाच्या नावाची अक्षरं चमकतायत. फाइल स्वीकारण्याआधी सर्व्हरला एकच गोष्ट कळायला हवी असते: फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवली जाणारी चित्रं, किती?

यावर सर्रास दिसणारा कोड सगळ्या फ्रेम डिकोड करतो, म्हणजे दाबलेल्या माहितीतून पूर्ण चित्रं उलगडतो, आणि यादीची लांबी विचारतो. जरा हिशोब करू. ५०० बाय ५०० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला १० लाख बाइट. २०० फ्रेमना २०० एमबी. डिस्कवर हीच फाइल जेमतेम ५ एमबीची असू शकते. अशा दहा फाइल एकदम आल्या तर दहा आकड्यांसाठी २ जीबी मेमरी खर्ची पडते. यातल्या एकाही पिक्सेलची गरज नसते, कारण लांबीचे बाइट वाचत पुढे सरकलं तरी मोजणी होते.

हलत्या चित्रांच्या तीन फाइल प्रकारांपैकी जीआयएफपासून सुरुवात करू. पहिले ६ बाइट सही: जीआयएफ८७ए किंवा जीआयएफ८९ए (१९८७ आणि १९८९ च्या आवृत्त्या). पुढचे ७ बाइट पडद्याचे: रुंदी २, उंची २, खुणांचा (हो-नाही सांगणाऱ्या बिटांचा) १, पार्श्वभूमीच्या रंगाचा १, पिक्सेलच्या प्रमाणाचा १. खुणांच्या बाइटमध्ये १२८ चा बिट लागलेला असेल तर लगेच सामाईक रंगतक्ता येतो. त्याच बाइटचे खालचे तीन बिट म्हणजे 'न' धरला, तर तक्त्याची लांबी ३ गुणिले २ चा (न+१) वा घात, जास्तीत जास्त ७६८ बाइट. तेवढं ओलांडायचं.

इथून पुढे प्रत्येक ब्लॉकचा पहिला बाइट तीनपैकी एक असतो. ४४ म्हणजे चित्र, ३३ म्हणजे एक्स्टेन्शन, ५९ म्हणजे फाइल संपली. आस्कीत (अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात) हे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि अर्धविराम आहेत, त्यामुळे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पटकन ओळखू येतात. ४४ दिसला की पुढचे ९ बाइट वाचा. त्यातल्या नवव्यात १२८ चा बिट असेल तर या फ्रेमचा स्वतःचा रंगतक्ता आहे, लांबीचं सूत्र तेच. मग एलझेडडब्ल्यू या दाबण्याच्या पद्धतीचा १ बाइट सोडा. त्यानंतर उपब्लॉक: एक बाइट लांबी, तेवढे बाइट माहिती, पुन्हा लांबी, आणि लांबी ० आली की चित्र संपलं. मोजणी एकने वाढवा. ३३ दिसला तर प्रकाराचा एक बाइट सोडून तसेच उपब्लॉक ओलांडा. एक्स्टेन्शन कसलं आहे हे कळण्याचीही गरज नाही.

सर्वांत जास्त चुका फ्रेमच्या स्वतःच्या रंगतक्त्यात होतात. तो ओलांडायचा राहिला की रंगाचाच एखादा बाइट लांबी म्हणून वाचला जातो. प्रोग्राम कोसळत नाही, फक्त आकडा चुकतो. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

दुसरा प्रचलित मार्ग म्हणजे फाइलमध्ये ३३, २४९, ४ असा नमुना (फ्रेम किती वेळ दाखवायची वगैरे सांगणाऱ्या एक्स्टेन्शन ब्लॉकची सुरुवात) शोधून तो किती वेळा सापडला ते मोजणं. हे करू नका. तो ब्लॉक १९८९ च्या आवृत्तीत आला आणि तिथेही ऐच्छिक आहे, त्यामुळे तो नसलेल्या फ्रेम निसटतात. दाबलेल्या माहितीत हेच बाइट योगायोगानेही येऊ शकतात. शिवाय फाइल तुकड्यांनी वाचताना नमुना दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला की हुकतो.

आता वेगाचं. उपब्लॉक २५५ बाइटपेक्षा मोठा नसतो, म्हणजे ५ एमबीच्या फाइलमध्ये किमान वीस हजार उड्या. जीआयएफ ही स्लो लोकल आहे, प्रत्येक स्टेशनवर थांबणारच. म्हणून दर उडीला फाइलमध्ये सीक करू नका (वाचण्याची जागा थेट पुढे नेऊ नका), ऑपरेटिंग सिस्टीमला वीस हजार हाका, म्हणजे सिस्टीम कॉल, होतील. ६४ केबीचा बफर (मेमरीतला तुकडा) वाचा आणि त्यातच निर्देशांक पुढे सरकवा.

वेबपी हा दुसरा प्रकार मात्र फास्ट लोकल. पहिला बाइट शून्यावा धरून विसाव्या बाइटपाशी खुणा असतात. अर्थात बाराव्यापासून व्हीपी८एक्स हा चंक (नाव आणि लांबी असलेला तुकडा) असेल तरच, नाहीतर चित्र स्थिर. खुणांत २ चा बिट असेल तर अ‍ॅनिमेशन आहे. पुढे एएनएमएफ नावाचे चंक मोजायचे. एकेक चंक अख्ख्या फ्रेमचा असल्यामुळे इथे सीक करणं फायद्याचं. चंकची लांबी लिटल एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी) असते, आणि ती विषम असेल तर शेवटी एक भरतीचा बाइट येतो. तो विसरलात तर पुढचं सगळं एका घराने सरकतं.

एपीएनजीत, म्हणजे हलत्या पीएनजीत, आकडा लिहिलेलाच असतो. एसीटीएल चंकच्या पहिल्या ४ बाइटमध्ये, बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी). तो चित्राची माहिती असलेल्या पहिल्या आयडॅट चंकच्या आधी असायलाच हवा, त्यामुळे आयडॅट आला तरी एसीटीएल दिसला नसेल तर थांबा, साधं पीएनजी आहे. पण या आकड्यावर विसंबून मेमरी राखून ठेवू नका. कोणीही तिथे २०० कोटी लिहू शकतं. बाहेरून आलेल्या फाइलसाठी दर फ्रेमला एक असणारे एफसीटीएल चंक मोजून ताळा घ्या.

लोकलमधून अपलोड करताना रेंज गेली आणि सर्व्हरने अर्धवट फाइल ठेवून घेतली, तर जीआयएफला शेवटचा ५९ नसतो. अशा वेळी पूर्ण झालेल्या फ्रेम मोजा आणि 'अपुरी' अशी वेगळी खूण परत करा; नुसता आकडा परत करणं फसवं आहे. ब्लॉकच्या जागी भलताच बाइट आला तर ८७ए सांगतं पुढचा स्वल्पविराम शोधा, ८९ए म्हणतं फाइल बिघडलेली. फायरफॉक्स आणि क्रोम फाइल तिथेच संपली असं धरतात. माझ्या मते तेच करावं, म्हणजे तुमचा आकडा आणि लोकांना दिसणारं चित्र जुळतं.

फक्त 'हलतं का?' एवढंच हवं असेल तर दुसऱ्या ४४ ला थांबा. मर्यादा ३०० ची असेल तर ३०१ ला. तयार साधन वापरत असाल तर इमेजमॅजिक या चित्रांच्या साधनसंचातल्या आयडेंटिफाय कमांडला पिंगचा (पिक्सेल न उलगडता माहिती वाचण्याचा) पर्याय द्या, आणि लक्षात ठेवा, टक्का-एन (%n) म्हणजे फ्रेमची संख्या, हा आकडा ती दर फ्रेमला एकदा छापते. त्यापुढे नव्या ओळीची खूण दिलीत तर ४० फ्रेमच्या फाइलला ४० ओळी येतात. त्यातली पहिलीच घ्या.

चाचणीसाठी चार फाइल पुरे: एकाच फ्रेमची, प्रत्येक फ्रेमला स्वतःचा रंगतक्ता असलेली, मधेच तोडलेली, आणि कमेंटच्या ब्लॉकमध्ये भरपूर स्वल्पविराम टाकलेली.