नेटबुक अजून दम धरून आहे

देवगडात आज दुपारी लाईट गेली, म्हणून जुनं नेटबुक (छोटा लॅपटॉप) पडवीत उघडून बसलो. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, तो फक्त ३२ बिटचा. रॅम १ ची २ जीबी केली (त्यापुढे जातच नाही), एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, ३२ बिटचं डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब आरामात होतो. ब्राउझरचे चार टॅब उघडले की मात्र बसलंच! खाऱ्या हवेनं यूएसबीच्या तोंडाला गंज चढलाय, तो जुन्या टूथब्रशनं घासला.

डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, म्हणजे नवं मशीनच बघायला हवं. दुकानात लहान मागितलं की पंधरा इंचीच पुढे करतात. लेक म्हणते, "बाबा, टॅबलेट घ्या." त्यावर हिशोब भरायचा म्हणजे बोटांना शिक्षाच. अकरा-बारा इंची, रॅम वाढवता येणारं काही कुणाच्या पाहण्यात आहे का?