तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लॅक बायकांना वेगळी संघटना कशाला लागली?

मी वॉशिंग्टनजवळ मेरिलँडात राहते, आणि अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांच्या संघटनांबद्दल मिळेल ते वाचत असते हे आता आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे गणपतीत म्हणा, कोणाच्या घरी जेवायला म्हणा, कोणीतरी हटकून विचारतंच की अहो पण एनएएसीपी होती ना, ब्लॅक लोकांची एवढी मोठी संघटना, आणि बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी भांडणाऱ्याही संघटना होत्याच, मग या बायकांनी तिसरी चूल कशाला मांडली? विचारणारे बहुतेक काका असतात, पण मागच्या वेळी एका ताईंनी विचारलं, आणि उत्तर पूर्ण ऐकायची तयारी दाखवली, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, तिसरी वगैरे नाही. एनएएसीपी निघाली १९०९ साली. ब्लॅक बायकांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन, निघाली १८९६ मध्ये, म्हणजे तेरा वर्षं आधी. आणि पुढे एनएएसीपीच्या स्थापनेच्या हाकेवर ज्यांच्या सह्या होत्या त्यात मेरी चर्च टेरेल आणि आयडा बी. वेल्स या दोघी होत्या. काकांना हे सांगितलं की ते लगेच दुसऱ्या विषयावर जातात.

तर सुरुवात कशी झाली, तर एका घाणेरड्या पत्रावरून. आयडा वेल्स मेम्फिसमध्ये वर्तमानपत्र चालवायची. १८९२ मध्ये तिथे तीन ब्लॅक माणसांना जमावाने मारलं, त्यातला एक तिचा मित्र होता, आणि गुन्हा काय तर त्यांचं किराण्याचं दुकान चांगलं चालत होतं आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या पोटात दुखत होतं. वेल्सने त्यावर सडकून लिहिलं, तिचा छापखाना फोडला, तिला गाव सोडावं लागलं, मग ती इंग्लंडला जाऊन भाषणं द्यायला लागली आणि तिकडे लिंचिंगविरोधी समितीच उभी राहिली. या समितीच्या सेक्रेटरी होत्या फ्लॉरेन्स बालगार्नी नावाच्या बाई. त्यांना १८९५ मध्ये मिझुरीच्या पत्रकार संघाच्या अध्यक्षाने, जेम्स जॅक्स नाव त्याचं, एक पत्र पाठवलं, सारांश असा की ज्यांची बाजू तुम्ही घेताय त्या बायका झाडून सगळ्या चोर, खोटारड्या आणि वेश्या आहेत. बालगार्नीबाईंनी ते पत्र बोस्टनच्या जोसेफिन सेंट पीएर रफिन यांच्याकडे धाडलं. रफिन म्हणजे साधी असामी नव्हे, ब्लॅक बायकांनी ब्लॅक बायकांसाठी चालवलेलं पहिलं वर्तमानपत्र काढणारी बाई. तिने ते पत्र न छापता देशभरातल्या महिला क्लबांना गुपचूप पाठवलं आणि सोबत बोलावणं, बोस्टनला या. जुलै १८९५ मध्ये शंभरेक बायका जमल्या. आता बघा, त्या पत्राचं उत्तर देणारं दुसरं कोण होतं? ब्लॅक पुरुष पुढारी हळहळले असतील, गोऱ्या बायकांतल्या काहींना वाईटही वाटलं असेल, पण अब्रू ज्यांची काढली होती त्यांनाच बोलावं लागलं.

इथे एक आपल्याकडचा धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते ८८ अमेरिकेत होत्या, आणि परत आल्यावर मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं त्यात तिथल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या युनियनचं, आणि तिच्या पुढारी फ्रान्सेस विलार्ड यांचं, भरभरून कौतुक आहे. कौतुक खोटं नाहीच, विलार्डबाईंनी रमाबाईंना खरंच मदत केली. पण याच विलार्डबाईंनी दक्षिणेतल्या ब्लॅक पुरुषांबद्दल एका मुलाखतीत जे तारे तोडले होते ते वेल्सने १८९४ मध्ये इंग्लंडात छापून आणलं आणि दोघींची चांगलीच जुंपली. म्हणजे पुण्याच्या विधवांसाठी कळवळणारी तीच बाई, आणि स्वतःच्या देशातल्या ब्लॅक लोकांवर बोलायची वेळ आली की तिचं हे असं. मला यात ढोंग वाटत नाही, लांबच्यांचं दुःख दिसायला सोपं असतं एवढंच, आपणही काही वेगळे नाही.

मग १८९६ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनला दोन मोठे गट एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना झाली, अध्यक्ष मेरी चर्च टेरेल. या अधिवेशनातली एक गोष्ट मला फार आवडते. हॅरिएट टबमन, जिने गुलामगिरीतून स्वतः पळून जाऊन मग परत परत आत शिरून लोकांना बाहेर काढलं होतं, ती म्हातारी आली होती. आणि आयडा वेल्स आपलं चार महिन्यांचं तान्हं बाळ घेऊन आली होती. तर सगळ्यात वयस्क सभासद म्हणून टबमनने ते बाळ सभेपुढे धरून ओळख करून दिली, हे आपल्या संघटनेचं लेकरू. (बाळाचं नाव चार्ल्स, लिव्हरपूलच्या ज्या धर्मगुरूने वेल्सला साथ दिली त्याच्यावरून ठेवलेलं.)

पण लगेच आरती ओवाळायला नको. तीनच वर्षांनी, १८९९ च्या शिकागो अधिवेशनात, शिकागोत राहणाऱ्या वेल्सलाच तयारीतून बाहेर ठेवलं. शिकागोच्या बायका म्हणाल्या ती असेल तर आम्ही काम करणार नाही, आणि टेरेलने ते ऐकलं. वेल्स तोंडाची फटकळ, कोणाचं ऐकणारी नव्हे, पण जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं तिलाच! शिवाय टेरेल म्हणजे मेम्फिसच्या कोट्यधीश बापाची लेक, ओबर्लिन कॉलेजात शिकलेली, जर्मन फाडफाड बोलणारी, १९०४ मध्ये बर्लिनला जाऊन जर्मनमध्ये भाषण ठोकून आली. यांचं ब्रीदवाक्य होतं, आम्ही वर चढतो आणि इतरांना वर उचलतो. बालवाड्या काढल्या, पाळणाघरं, वृद्धाश्रम, काम खूप केलं, पण त्या ब्रीदवाक्यात आधी वर कोण चढलंय हे स्पष्ट आहे, ते मला खुपतं. अर्थात याच टेरेलबाई १९५० मध्ये, वयाची ८६ वर्षं उलटलेली असताना, वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात ठरवून जेवायला गेल्या, ब्लॅक म्हणून वाढलं नाही तेव्हा केस केली, आणि १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या. तेव्हा माणसाला एका खान्यात टाकू नये.

आणि गोऱ्या बायकांच्या संघटनांत का नाही शिरल्या, तर शिरायला गेल्या होत्या की. १९०० साली मिलवॉकीत महिला क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाचं अधिवेशन होतं, रफिनबाई तिथे आपल्या ब्लॅक क्लबच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. त्या गोऱ्यांच्या क्लबातही सभासद होत्या, तर महासंघ म्हणाला त्या क्लबतर्फे बसा, चालेल, या क्लबतर्फे नाही. कोणीतरी त्यांच्या छातीवरचा बिल्ला ओढायला गेलं. रफिनबाईंनी बिल्ला सोडला नाही, आणि बसल्याही नाहीत.

आता दुसरा अंक. १९३५ मध्ये एक संघटना असताना मेरी मॅकलिऑड बेथून यांनी दुसरी काढली, नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन. (तो शब्द आज कोणी वापरत नाही, पण त्या काळी तोच मानाचा होता, आणि संस्थेने नाव बदललेलं नाही.) बेथून म्हणजे साउथ कॅरोलायनात कापूस वेचणाऱ्या घरातलं सतरा भावंडांतलं पंधरावं अपत्य, आईबाप गुलामीत जन्मलेले. १९०४ मध्ये फ्लोरिडात डेटोनाला दीड डॉलरवर शाळा काढली, पाच मुली आणि स्वतःचा मुलगा, शाई म्हणून फळांचा रस, आणि फीसाठी रताळ्याचे 'पाय' (pie, भाजलेला गोड पदार्थ) करून विकायचे. तीच शाळा आज युनिव्हर्सिटी आहे. बेथून जुन्या संघटनेच्याही चार वर्षं अध्यक्ष होत्या, पण त्यांचं म्हणणं पडलं की क्लब गावोगावी आपापलं काम करतात आणि वॉशिंग्टनला ठराव पाठवून गप्प बसतात, तिथे रोज जाऊन दार ठोठावणारं कोणी नाही. म्हणून ५ डिसेंबर १९३५ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सगळ्या राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था, कॉलेजच्या सोरोरिटी (म्हणजे विद्यार्थिनींची मंडळं), चर्चच्या महिला शाखा, व्यावसायिक संघटना, यांचं एक छत्र केलं. टेरेलबाई त्या बैठकीत सरळ म्हणाल्या की याचा उपयोग होईल असं मला वाटत नाही, आणि तरी उपाध्यक्षपद घेतलं! आपल्या मंडळांची मीटिंग आठवते की नाही?

बेथूनची कामाची पद्धत बघायची तर १९४१ चं उदाहरण घ्या. युद्धखात्याने महिला संघटनांची सल्लागार सभा बोलावली आणि या कौन्सिलला बोलावलंच नाही. बेथूनबाई तेव्हा स्वतः रूझवेल्ट सरकारात अधिकारी, राष्ट्राध्यक्षांच्या बायकोची खास मैत्रीण, गप्प बसल्या असत्या तर कोणी काही म्हणालं नसतं. त्यांनी युद्धमंत्री स्टिमसनना खरमरीत पत्र लिहिलं, आणि पुढे कौन्सिलला जागा मिळाली. १९४२ मध्ये सैन्यात बायकांची तुकडी निघाली तेव्हा पहिल्या अधिकारी-वर्गात ब्लॅक बायका होत्या, त्यांच्या निवडीत बेथूनचा हात होता. त्यांनाही वेगळं टेबल, वेगळं राहणं, हे होतंच, पण आत होत्या. आणि एवढी वर्षं बेथूनच्या राहत्या जागेतून चाललेल्या कौन्सिलने १९४३ मध्ये वॉशिंग्टनला व्हरमाँट अव्हेन्यूवर १३१८ नंबरचं घर विकत घेतलं. ज्या शहरात ब्लॅक बाईला कुठल्याही हॉटेलात बसून कॉफी मिळेलच असं नव्हतं, तिथे बाहेरगावच्या कार्यकर्तीला उतरायला, मीटिंग घ्यायला स्वतःचं छप्पर. ते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे.

१९३७ मध्ये हार्लेमच्या वायडब्ल्यूसीएत (ख्रिश्चन तरुणींची संस्था) कौन्सिलची सभा होती, राष्ट्राध्यक्षांची बायको एलेनर रूझवेल्ट येणार होत्या, त्यांना आत न्यायचं काम पंचवीस वर्षांच्या एका कर्मचारी मुलीकडे होतं. डोरोथी हाइट. बेथूनने तिला तिथेच हेरलं आणि कामाला लावलं. या हाइटला आधी बार्नर्ड कॉलेजात प्रवेश मिळाला होता, प्रत्यक्ष गेल्यावर सांगितलं की आमच्या दोन ब्लॅक मुली भरून झाल्या, आता जागा नाही. मग ती न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकली. आणि हो, १९५२ मध्ये ती चार महिने दिल्लीला येऊन राहिली होती, दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्कमध्ये शिकवायला, जी शाळा मुळात आपल्या इकडच्या वायडब्ल्यूसीएने सुरू केलेली. १९५७ पासून चाळीस वर्षं हाइट कौन्सिलची अध्यक्ष.

आता काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टनचा मोर्चा, मार्टिन लूथर किंगचं ते भाषण. हा मोर्चा ठरवणाऱ्या समितीत बायका म्हणायला एकच, ॲना हेजमन. हाइट आणि तिने आधीपासून धोशा लावला होता की एका तरी बाईला मुख्य भाषण द्या. उत्तर काय मिळालं, तर चर्चमध्ये बायका आहेत, कामगार संघटनांत बायका आहेत, म्हणजे त्यांचं प्रतिनिधित्व झालंच की! शेवटी बायकांचा सत्कार असा एक छोटासा कार्यक्रम ठेवला, त्यात आर्कान्सातल्या कार्यकर्त्या डेझी बेट्स मिनिटभर बोलल्या. महालिया जॅक्सनने गायलं, गायला बाई चालते. पुढारी पुरुष एका रस्त्याने चालले आणि बायका दुसऱ्या रस्त्याने. हाइट किंगच्या जवळच व्यासपीठावर बसली होती, आणि नंतर छापलेल्या फोटोंत बऱ्याचदा ती कापलेली असायची. मोर्चाच्या दोनच दिवस आधी मोर्चाचे प्रमुख रँडॉल्फ ज्या प्रेस क्लबात बोलायला गेले तिथे बायकांना सभागृहात खाली बसता येत नव्हतं, वर बाल्कनीत बसायचं. हे सगळं कायद्याची अभ्यासक पॉली मरेने नोव्हेंबरमध्ये जाहीर भाषणात मांडलं, आणि ते भाषण कुठे झालं? कौन्सिलच्या सभेत. दुसरीकडे कुठे होणार होतं, सांगा. हाइटने तर मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी बायकांची बैठक बोलावली होती, आता पुढे काय.

पुढे काय ते केलंही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत हिंसा पेटलेली असताना हाइट आणि तिची ज्यू मैत्रीण पॉली कावन यांनी उत्तरेतल्या गोऱ्या-काळ्या मध्यमवर्गीय बायकांची पथकं पाठवली, मंगळवारी विमानाने तिथल्या जॅक्सन शहरात जायचं, बुधवारी आसपासच्या गावांत लोकांना भेटायचं, गुरुवारी परत. हॅट, हातमोजे, अगदी समारंभाला निघाल्यासारख्या. तिथल्या गोऱ्या बायका चोरून भेटायच्या, नवऱ्याला कळू नये म्हणून. आणि तिथेच कळलं की मतदानाच्या हक्काबरोबर पोटाचंही बघायला हवं. मग मिसिसिपीतली मतदानहक्काची कार्यकर्ती फॅनी लू हेमर हिच्या सामुदायिक शेतीत कौन्सिलने डुकरांची बँक काढली. कुटुंबाला मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यातली थोडी बँकेला परत, ती पुढच्या कुटुंबाला. वर चढून खाली हात देणाऱ्या टेरेलबाईंच्या काळापासून संघटना इथवर आली, याचं श्रेय मी हाइटला देते. चाळीस वर्षं एकच अध्यक्ष हे मात्र मला पटत नाही, खालची एक अख्खी पिढी वाट बघून दुसरीकडे निघून जाते. हे मी बोलले की आमच्या मंडळातले माजी अध्यक्ष जरा गप्प होतात.

मध्येच एक काम कौन्सिलने केलं, १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कात बेथूनचा पुतळा. पैसे जमवायला वर्षानुवर्षं लागली. तिथे आधीपासून लिंकनचा १८७६ चा पुतळा होता, पायाशी गुडघे टेकलेला ब्लॅक माणूस, आणि लिंकनचं तोंड कॅपिटॉलकडे, म्हणजे संसदेच्या इमारतीकडे. बेथून येणार म्हणून लिंकनला उचलून उलटा फिरवला, नाहीतर त्याची पाठ तिच्याकडे झाली असती.

आणि पत्ता विचाराल तर १९९५ पासून कौन्सिलचं मुख्यालय ६३३ पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू, व्हाइट हाऊस आणि कॅपिटॉल यांच्या मधल्या रस्त्यावर. बिल्डिंग कर्ज काढून घेतलेली. ते कर्ज फिटलं हाइटच्या नव्वदाव्या वाढदिवसाला, २००२ मध्ये, आणि त्यासाठी ज्यांनी खिशात हात घातला त्यात ओप्रा विनफ्री होत्या आणि बॉक्सिंगवाले डॉन किंगही होते. डॉन किंग!