मी आले नाही तर हे काम कोण करेल?

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर बोटं नीट वळायला तास-दीड तास जातो आणि समोरच्याला त्यातलं काही दिसत नाही. या दुखण्यापायी नोकरी सुटली. पुढे औषधं लागू पडली, शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला सीआरपी खाली आला, आजार आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणाले. तरी रोज ठरल्या वेळी हजर राहण्याचा शब्द कुणाला देता येईल अशी तब्येत नव्हती. आणि नुसतं घरात बसून राहणंही सोसवत नव्हतं. आपला कुणाला तरी उपयोग व्हावा ही भूक आजारपणात मरत नाही, उलट वाढते. म्हणून स्वयंसेवी काम शोधायला लागले.

सुरुवात डॉक्टरांपासून केली. ‘मी काम करू शकते का?’ असं मोघम न विचारता कोणतं काम टाळू, असं विचारलं. उत्तरं नेमकी मिळाली. मी घेते त्या मेथोट्रेक्सेटसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी संसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते, त्यामुळे रुग्णालयातल्या वॉर्डात जाऊन सेवा करणं आणि पाळणाघरात लहान मुलं सांभाळणं, ही माझ्या मनात असलेली दोन्ही कामं बाद झाली. एकच हालचाल तासन्‌तास करायची नाही. वजन उचलायचं नाही. बाकी कामाला हरकत नव्हती. हालचाल राहिली तर सांध्यांना बरंच.

मग काही आठवडे वही ठेवली. किती वाजता बरं वाटतं, कशानंतर थकवा येतो, दुसऱ्या दिवशी काय होतं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मला गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि डोकं जड राहतं, हे माहीत होतं. पण वहीत सलग पाहिल्यावर लक्षात आलं की तो दिवस कामासाठी धरायचाच नाही. सकाळ माझी नाही. अकरा ते एक हा वेळ खात्रीचा. संध्याकाळचा भरवसा नाही. ज्यांना एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा जुनाट आजार आहे, त्यांनी ही नोंद आणखी बारकाईने ठेवावी, कारण त्या आजारात श्रमाचा फटका बऱ्याचदा त्याच दिवशी बसत नाही, एक-दोन दिवसांनी बसतो. आज जमलं म्हणजे झेपलं, असा हिशेब तिथे चालत नाही.

वहीवरून एक गोष्ट ठरवली आणि ती आजही पाळते. चांगल्या दिवशी मी चार तास काम करू शकते, वाईट दिवशी दोन. शब्द द्यायचा तो वाईट दिवसाच्या बेताने.

यानंतर संस्थांना फोन आणि ईमेल सुरू केले. पहिल्या एका संस्थेत माझा आजार मी अथपासून इतिपर्यंत सांगितला. ऐकणाऱ्या बाई मनापासून म्हणाल्या, ‘ताई, आधी तब्येत सांभाळा, काम काय कधीही करता येईल.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण माझ्याकडे त्या आता फक्त रुग्ण म्हणून पाहत होत्या. दुसऱ्या ठिकाणी अर्जातच आठवड्याचे ठरलेले दिवस आणि किमान सहा महिन्यांची हमी मागितली होती. ती मला देता येणार नव्हती. मग आजाराची कहाणी बाजूला ठेवली आणि गरज तेवढी सांगायला लागले. माझे शब्द साधारण असे असायचे: ‘मला सांध्यांचा जुना आजार आहे. आठवड्यातले दोन दिवस, अकरा ते एक, मी काम करू शकते. कधी आदल्या रात्री नाही म्हणावं लागेल. असं चालेल असं काही काम आहे का? आणि मी एखाद्या दिवशी आले नाही, तर ते काम कुणावर पडेल?’

या शेवटच्या प्रश्नाने माझा शोध बदलला. कामाचं स्वरूप, अंतर, वेळ हे सगळं विचारावंच, पण जुनाट आजार असलेल्या माणसाने सगळ्यांत आधी हे विचारावं असं माझं ठाम मत आहे. कारण आपल्यावाचून अडणारं काम घेतलं की वाईट दिवशीही आपण उठून जातो आणि त्याची किंमत पुढचे कित्येक दिवस मोजतो. एकटीने शिकवणी घेणं, एखाद्या वृद्धाला दर आठवड्याला दवाखान्यात नेणं, ही फार मोलाची कामं आहेत. पण तिथे समोर कुणीतरी वाट बघत असतं. उलट काही कामांची रचनाच अशी असते की एक माणूस गळला तरी काम पुढे जातं.

घरबसल्या होणाऱ्या कामांत ही रचना छान दिसते. २००७ साली ‘गॅलेक्सी झू’ हा इंटरनेटवरचा खगोल-प्रकल्प सुरू झाला तेव्हा लाखो दीर्घिकांचे फोटो सामान्य लोकांसमोर ठेवले गेले. एकच फोटो अनेकांना दाखवला जायचा आणि सगळ्यांची मतं एकत्र करून वर्गीकरण ठरायचं. त्यातूनच पुढे ‘झूनिव्हर्स’ हे अशा अनेक प्रकल्पांचं संकेतस्थळ उभं राहिलं. तिथे आज दहा फोटो पाहिले आणि महिनाभर फिरकलं नाही तरी कुणाचा खोळंबा होत नाही. ‘बी माय आइज’ हे २०१५ साली आलेलं अ‍ॅप. दृष्टिहीन व्यक्तीने मदतीसाठी व्हिडिओ कॉल केला की तो अनेक स्वयंसेवकांना जातो आणि जो आधी उचलेल तो बोलतो. आपण उचलला नाही तर दुसरा कुणी उचलतो.

मी आधी मराठी विकिस्रोतावर काम केलं. प्रताधिकार संपलेली पुस्तकं स्कॅन करून तिथे ठेवलेली असतात. डावीकडे-उजवीकडे छापील पान आणि संगणकाने ओळखलेला मजकूर, आणि आपण चुका दुरुस्त करायच्या. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. एकेक पान स्वतंत्र असल्यामुळे जिथे थांबू तिथे थांबता येतं. बोटं सुजलेली असली की मी फोनच्या कीबोर्डवर बोलून टाइप करते; मराठीतही ते बऱ्यापैकी जमतं, जोडाक्षरं मात्र पुन्हा नजरेखालून घालावी लागतात. सुरुवात करायला याहून चांगलं काम मला सुचत नाही. मुलाखत नाही, हमीपत्र नाही, आणि आपल्याला किती झेपतं ते कुणालाही त्रास न देता कळतं.

पण मला माणसांचा आवाजही हवा होता. तो दृष्टिहीनांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत मिळाला. २०१३ च्या मराकेश करारामुळे, करारात सामील असलेल्या देशांत, दृष्टी किंवा अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी अशी प्रत करायला सहसा प्रकाशकाची परवानगी लागत नाही. त्यामुळे नवी पुस्तकंही वाचता येतात. इथे हातांना काम नाही. मी माझा प्रश्न विचारला तेव्हा समन्वयक ताई म्हणाल्या, ‘प्रकरणं वाटून देतो आम्ही. तुमचं राहिलं तर यादीत परत टाकू, दुसरं कुणी घेईल.’ हे ऐकल्यावर मी लगेच होकार दिला, फक्त पहिला महिना चाचणीचा धरूया असं सुचवलं. त्यांनाही ते सोयीचं वाटलं.

तिसऱ्या महिन्यात आजार उसळला. मनगटं सुजली, ताप आला, जबड्याचा सांधाही धरला, त्यामुळे वाचणं अशक्य झालं. मी दोन ओळींचा संदेश पाठवला: काही आठवडे जमणार नाही, हातातलं प्रकरण यादीत टाका, बरं वाटलं की कळवते. कारणमीमांसा नाही, माफीचा पाढा नाही. ‘ठीक आहे, कळवा’ असं उत्तर आलं. नोकरीत असताना प्रत्येक रजेला जी धाकधूक व्हायची ती या वेळी झाली नाही, आणि मला खात्री आहे की त्यामुळे मी लवकर सावरले.

दोन गोष्टी आणखी सांगते. आजारपणामुळे विम्याची उत्पन्नभरपाई किंवा अपंगत्वाचं साहाय्य मिळत असेल, तर बिनपगारी कामाचा त्यावर काय परिणाम होईल हे आधी लेखी विचारून घ्या. दुसरं, नव्याने निदान झालेल्या रुग्णांशी बोलण्याचं काम आपल्याला आवर्जून सुचवलं जातं. ते सुंदर काम आहे, पण स्वतःचा आजार अजून ताजा असेल तर नका घेऊ. दुसऱ्याच्या भीतीने आपली भीती पुन्हा जागी होते. मी अजूनही त्याला नाही म्हणते.

सध्या मी एका प्रवासवर्णनाचं शेवटचं प्रकरण वाचते आहे. आवाज दमतो म्हणून वीस मिनिटांनी थांबते, पाणी पिते, पुन्हा वाचते. दोन दिवसांचे तीन दिवस करावेत का, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणार आहे. तोवर वही चालू आहे.