नवा रंग एकाच छताला

इमारतींची तपासणी हे माझं काम. घर घ्यावं की नको हे सांगणं माझ्या कामात बसत नाही, पण शेवटी विचारतात सगळे तेच. त्या दिवशीचे गृहस्थ फ्लॅट भाड्याने देण्यासाठीच घेत होते. भाडं, कर्जाचा हप्ता, सगळं वहीत आधीच मांडलेलं.

घर तसं नीटनेटकं होतं. आतल्या खोलीत शिरलो आणि ताज्या रंगाचा वास आला. भिंती जुन्याच, छत तेवढं नवं. अशा छताला मी आधी हातोडी लावतो. ठण, ठण, ठण आणि मग एकदम बद्द. हातभर पट्टा पोकळ वाजत होता आणि त्यातून सळईच्या रेषेत केसासारखी भेग गेली होती. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो आतूनच काँक्रीट फोडत येतो.

मालकाला विचारून एक सुटा तुकडा काढला आणि ताज्या फुटीवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन फवारलं. चांगलं काँक्रीट लगेच गुलाबी होतं. इथे सळईपर्यंत रंगच चढला नाही. म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मीपणा संपलेला, सळई उघड्यावर पडल्यासारखीच. सोबतीला ओलही होती.

"किंमत पाडून घेतो, दुरुस्ती करून टाकतो," गृहस्थ म्हणाले. यात चूक काही नव्हती. गंजलेली सळई साफ करता येते, काँक्रीट पुन्हा भरता येतं. त्याहून वाईट छतं दुरुस्त झालेली मी पाहिली आहेत. माझी अडचण वेगळी होती. पाणी वरच्या न्हाणीघरातून येत होतं आणि ते थांबल्याशिवाय खालची दुरुस्ती टिकणार नव्हती.

"वरच्यांची फरशी कोण फोडणार?"

आम्ही वर गेलो. दार अर्धंच उघडलं. "आमच्याकडे काही गळत नाही." दार बंद. खरं होतं म्हणा, त्यांच्याकडे नव्हतंच गळत.

जिन्यातच गृहस्थांनी वही उघडली. भाड्याचे महिने बारा धरले होते. त्यांनी बारा खोडून नऊ लिहिले. जरा थांबून नऊही खोडले.

"तुमची फी किती झाली?" वही मिटत त्यांनी विचारलं.