सिंदी रेल्वे, पंधरा मिनिटं आणि नवं टाइमटेबल

आमच्या गावाचं नाव सिंदी रेल्वे. नावातच रेल्वे आहे आणि बहुतेक एक्सप्रेस धूळ उडवत निघून जातात, हा जोक आमच्याकडे आजोबांच्या काळापासून चालू आहे. तर मी इथून नागपूरला अपडाऊन करतो, सीताबर्डीवर नोकरी आहे, आणि नवं टाइमटेबल आलं की आमच्या डब्यात जे रामायण सुरू होतं ते यंदाही झालं. सकाळची पॅसेंजर पंधरा मिनिटं आधी. पंधराच ना, असं म्हणणाऱ्याने एकदा जानेवारीत पहाटे उठून नळाला पाणी यायच्या आधी आंघोळ करून दाखवावी राजेहो.

पहिले मी पण शिव्याच घातल्या. मग रविवारी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो, ते गार्ड म्हणून रिटायर झालेत. त्यांना म्हटलं, काका, हे लोक टाइमटेबल काऊन बदलवतात, चांगलं चालून राह्यलं होतं ना. काकांनी काही न बोलता मागच्या वर्षीचं कालनिर्णय काढलं, पान उलटं केलं अन् पेन्सिलीनं रेघा मारायला सुरुवात केली. आडवा टाइम, उभी स्टेशनं. खाली नागपूर, मग अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, वर सेवाग्राम. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. वंदे भारत उभी चढते, कोळशाची मालगाडी झोपल्यासारखी आडवी, अन् आमची पॅसेंजर पायऱ्या पायऱ्यांनी कारण ती सगळीकडे थांबते. काका म्हणाले, आता मला सांग, ही उभी रेघ या आडव्या रेघेला कुठं कापते? मी बोट ठेवलं. तिथं स्टेशन आहे का? नव्हतं, दोन स्टेशनांच्या मधे होतं. "मग हवेतून ओव्हरटेक करशील का?"

म्हणजे हळू गाडीला आधीच्या स्टेशनवर लूप लाईनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायचं, फास्ट गाडी काढायची, मग तिला सोडायचं. तोवर तिच्या मागची गाडी येऊन आऊटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभी. एक रेघ सरकवली की बाकीच्या दहा सरकतात. पूर्वी कंट्रोलमधे, म्हणजे गाड्या कुठं थांबवायच्या-सोडायच्या ते ठरवणाऱ्या ऑफिसात, हे चार्ट पेन्सिल अन् पट्टीनं काढायचे, आता कॉम्प्युटरवर दिसतं, पण रेघा त्याच.

आणि आपला सेक्शन तर बाप्पा विचारूच नका. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही लाईनी नागपुरात एकमेकींना भेटतात हे शाळेत सांगतात, डायमंड क्रॉसिंग, म्हणजे रुळांची फुली, दाखवायला पण नेतात. पण सेवाग्रामपर्यंतच्या जवळपास 75 किलोमीटरमधे दोन्हीकडचा ट्रॅफिक एकाच रुळांवर असतो हे कोणी सांगत नाही. मुंबईला जाणारी पण इथूनच, बल्लारशाहकडून चेन्नईला जाणारी पण इथूनच, वर चंद्रपूर-वणीचा कोळसा. त्यात डिसेंबर 2022 मधे बिलासपूरची वंदे भारत आली, सप्टेंबर 2024 ला सिकंदराबादची, ऑगस्ट 2025 ला अजनी-पुणे, अन् त्यातल्या शेवटच्या दोन तर आमच्याच सिंदीवरून जातात. गाड्या चांगल्याच आहेत, मी पण पुण्याला जाताना बसेन, पण प्रत्येकीला रेघ पाहिजे ना. शिवाय रूळ-वायरच्या मेंटेनन्सला रोज काही तास ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद, ठेवावा लागतो, तो पण चार्टवर रिकामा सोडायचा. तिसऱ्या-चौथ्या लाईनचं काम चालू आहे, ते होईपर्यंत तर जास्तच ओढाताण.

अजून एक मजा म्हणजे नागपुरात मध्य रेल्वेचं एक डिव्हिजन ऑफिस आणि दक्षिण पूर्व मध्यचं दुसरं. गोंदियाकडून येणारी गाडी एकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत येते, त्यामुळे एकाने दहा मिनिटं बदलली की दुसऱ्यालाही तिची जागा करून ठेवावी लागते.

मला सगळ्यात भारी वाटलं ते बदलाच्या रात्रीचं. 2025 चं टाइमटेबल 1 जानेवारीपासून लागू झालं होतं. आता केरळ एक्सप्रेस त्रिवेंद्रमहून दिल्लीला जायला दोन दिवस घेते, म्हणजे ती निघाली जुन्या टाइमनं अन् पोहोचली नव्या वर्षात, मधे कुठेतरी तिला जुन्या रेघेवरून नव्या रेघेवर उडी मारायची. आणि तिकीट 60 दिवस आधी काढता येतं, त्यामुळे लोकांच्या तिकिटावर छापलेली वेळ जुनीच. एसएमएस येतो म्हणे, पण माझ्या मावशीचा नंबर पाहिला तर तिकिटावर एजंटचाच.

हे सगळं समजलं, पटलं पण. पण एक गोष्ट काकांना पण खोडता आली नाही. शेवटच्या टप्प्यात जास्तीची मिनिटं भरून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर गाडी वेळेवर. अजनी ते नागपूर जेमतेम 3 किलोमीटर, तिथं आमची गाडी आऊटरला अशी बसते जशी लग्नात रुसलेली आत्या. लोक खाली उतरून रुळावरून चालू लागतात, डबे हातात, (करू नका रे, मागून मालगाडी येते). जी मिनिटं फास्ट गाड्यांसाठी मोकळी करायची असतात ती पॅसेंजरच्याच खिशातून जातात. मार्च 2020 ला सगळ्या पॅसेंजर बंद झाल्या, परत आल्या तेव्हा स्पेशल म्हणून 10 चं तिकीट 30 चं झालं, फेब्रुवारी 2024 ला कुठं परत 10. तेव्हापासून आम्हाला जरा संशयच येतो.

आज गाडी नव्या टाइमवर बरोबर आली. मी पळत पळत पोहोचलो, भाजीच्या टोपल्यावाल्या दोघी मात्र पुलावरच राहिल्या, त्यांना जुनाच टाइम माहीत होता. त्यातल्या एकीनं हात हलवून गार्डला थांबायला सांगितलं. गार्डनं हिरवा झेंडा दाखवला.